अन्नसाखळीच्या तक्त्यात न दिसणारे कृमी

बहुतेक शाळांच्या प्रयोगशाळेत अन्नसाखळीचा एक तक्ता असतोच. खाली गवत, त्यावर नाकतोडा, मग बेडूक, मग साप आणि सर्वांत वर पंख पसरलेला गरुड. एकातून दुसऱ्याकडे जाणारे बाण. विज्ञान प्रदर्शनात हाच तक्ता थर्माकोलवर उतरतो, परीक्षेत चार गुणांना विचारला जातो आणि विद्यार्थी तो न चुकता काढतात. मीही अनेक वर्षे याच तक्त्यावरून शिकवले. तो चुकीचा आहे असे मला म्हणायचे नाही. परंतु त्यातून जे गळाले आहे त्यामुळे मुलांची, आणि आपलीही, एका महत्त्वाच्या बाबतीत दिशाभूल होते. ती कशी होते हे मला माझ्याच एका चुकीतून कळले, म्हणून आधी तीच सांगतो.

आमचे गाव देवळाली प्रवरा. भंडारदऱ्याचे पाणी प्रवरेच्या कालव्यांनी या भागात येते, त्यामुळे शिवारात ऊस मोठा. ऊस म्हटला की उंदीर आणि घुशी आल्या. त्यांच्या मागे साप आले, तारेवर बसून टेहळणी करणारी कापशी घार आली आणि रात्री गव्हाणी घुबड आले. तक्त्यावरचा गरुड आमच्या मुलांनी क्वचितच पाहिलेला असतो. त्याची जागा आमच्याकडे हे पक्षी घेतात.

काही वर्षांपूर्वी ऊसतोडीच्या दिवसांत आठवीतल्या दोन मुलांनी एक मेलेले गव्हाणी घुबड पिशवीत घालून वर्गात आणले. कंपासपेटीतल्या ब्लेडने त्याचे पोट त्यांनी आधीच चिरले होते. आतड्यातून पांढरे, दोऱ्यासारखे कृमी बाहेर आलेले दिसत होते. "सर, पोटात जंत निघाले. जंतांनीच मेलं ना?" एकाने विचारले. घंटा व्हायला पाच मिनिटे होती. मी म्हणालो, "हो, तसंच दिसतंय." मुलांनी ते वहीत लिहून घेतले. 'घुबडाच्या मृत्यूचे कारण : जंत.'

या एका वाक्यात माझ्याकडून तीन चुका झाल्या. मेलेला पक्षी मुलांनी उघड्या हाताने हाताळला, त्याबद्दल मी त्यांना तेव्हाच थांबवून समज द्यायला हवी होती. ती दिली नाही. कृमी दिसले एवढ्यावरून मी निदान केले. आणि तिसरी, सर्वांत मोठी चूक अशी की, ते कृमी घुबडाच्या पोटात आले कुठून, हा प्रश्न मी विचारलाच नाही. तो सुचला नाही, कारण भिंतीवरच्या तक्त्यात त्या कृमींना जागाच नव्हती.

तक्ता काय चांगले सांगतो

टीका करण्यापूर्वी तक्त्याचे देणे मान्य केले पाहिजे. ऊर्जा सूर्याकडून येते, वनस्पती ती साठवतात आणि प्रत्येक पायरीवर तिचा बराच भाग खर्ची पडून थोडाच वर पोचतो, हे तो एका नजरेत सांगतो. गवत अमाप, नाकतोडे पुष्कळ, साप मोजके आणि शिकारी पक्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके का, याचे उत्तर त्यातून मिळते. विषाचा प्रवासही या तक्त्यावरून समजावता येतो. ब्रिटनमध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी १९६७ साली दाखवून दिले की, बहिरी ससाण्याच्या अंड्यांची कवचे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात पातळ झाली होती. पुढे त्याचे कारण डीडीटी असल्याचे स्पष्ट झाले. शेतात फवारलेले विष पायरीपायरीने साठत ससाण्यापर्यंत पोचत होते. हे उदाहरण आपण वर्गात आवर्जून देतो.

म्हणजे बाणांवरून ऊर्जा जाते हे आपण शिकवतो, विष जाते हेही शिकवतो. पण त्याच बाणांवरून जिवंत प्राणीही प्रवास करतात, आणि त्यांचे सारे आयुष्य या प्रवासावर बेतलेले असते, हे मात्र आपण सांगत नाही. कृमींचा धडा वेगळा असतो. त्यात पट्टकृमी, गोलकृमी, डुकराचे अर्धवट शिजलेले मांस आणि हात धुण्याचा उपदेश असतो. अन्नसाखळीचा धडा वेगळा. या दोन धड्यांची गाठ कधी पडत नाही.

बाणांवरून जाणारे प्रवासी

ही गाठ घालून पाहू. शिकारी पक्ष्यांच्या आतड्यात सेंट्रोऱ्हिंकस नावाचे काटेरी तोंडाचे कृमी आढळतात. सोंडेवरच्या आकड्यांनी ते आतड्याच्या भिंतीला धरून बसतात. त्यांना स्वतःची अन्ननलिका नसते. पक्ष्याने पचवलेले अन्न ते त्वचेतून शोषून घेतात. त्यांची अंडी पक्ष्याच्या विष्ठेबरोबर जमिनीवर पडतात. ती एखाद्या कीटकाने खाल्ली की त्याच्या शरीरात अळी वाढते. तो कीटक सरड्याने, बेडकाने किंवा सापाने खाल्ला की अळी तिथे पोचते, पण प्रौढ होत नाही. ती नुसती दबा धरून राहते. हा सरडा किंवा साप शिकारी पक्ष्याने खाल्ला की तिचा मुक्काम आला. आता तक्त्यावरचे बाण पाहा. नाकतोडा, बेडूक, साप, पक्षी. या कृमीने जणू आपल्या तक्त्यावरूनच वाट आखून घेतली आहे.

क्लॅडोटीनिया हा पट्टकृमी याहून जवळची वाट धरतो. पक्ष्याच्या विष्ठेतली अंडी उंदरासारख्या कुरतडणाऱ्या प्राण्याच्या पोटात जातात, त्याच्या यकृतात अळ्यांचे कोष तयार होतात आणि उंदीर खाणाऱ्या पक्ष्यात पट्टकृमी पूर्ण वाढतो. स्ट्रिजिया जातीच्या चपट्या कृमींचा प्रवास लांबचा. पाण्यातली गोगलगाय, तिथून बेडूकमासा, मग बेडूक, साप किंवा एखादा पक्षी आणि शेवटी शिकारी पक्षी. ससाण्यांच्या वायुकोशात राहणारा सेराटोस्पिक्युलम हा गोलकृमी आणखी वेगळा. त्याची अंडी खोकल्याबरोबर घशात येतात, पुन्हा गिळली जातात, विष्ठेतून बाहेर पडतात, भुंगेऱ्यांच्या पोटात जातात आणि असा कीटक ससाण्याने खाल्ला की चक्र पूर्ण होते.

या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. असे कृमी पक्ष्याच्या शरीरात जंतूंसारखे दुपटीने वाढत नाहीत. ते अंडी घालतात, पण त्या अंड्यांतून नवा प्रौढ कृमी तयार होण्यासाठी अंडी बाहेर पडून मधल्या यजमानांतून जावेच लागते. म्हणजे पक्ष्याच्या आतड्यातला यातला प्रत्येक कृमी कधी ना कधी एका घासाबरोबर आत आलेला असतो. मुलांनी माझ्यापुढे ठेवलेल्या घुबडाच्या पोटातल्या कृमींकडे असे पाहिले असते तर ती त्या पक्ष्याच्या जेवणाची नोंदवही ठरली असती. आम्ही मात्र ती खुन्याची ओळखपरेड समजलो.

टोकाला कोण बसले आहे?

तक्त्यावर माझा दुसरा आक्षेप असा की तो गरुडापाशी संपतो. गरुडाला कोण खातो, असा प्रश्न हुशार मुले विचारतात. आपण सांगतो, त्याला शत्रू नाही, तो मेल्यावर विघटक त्याला खातात. पण जिवंत गरुडालाही खाणारे पुष्कळ असतात. ते आकाराने लहान असतात आणि आतून खातात, एवढाच फरक. सापाला पोसणारा बेडूक जितका खरा, तितकाच पट्टकृमीला पोसणारा पक्षी खरा. मग बाण एकाला आहे आणि दुसऱ्याला नाही, हे कसे?

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर कार्पिंटेरिया येथे खाऱ्या दलदलीचा एक टापू आहे. केव्हिन लॅफर्टी, अँड्र्यू डॉब्सन आणि आर्मंड क्युरिस या शास्त्रज्ञांनी तिथल्या अन्नजाळ्यात परजीवींचाही समावेश करून पाहिला. २००६ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार अन्नजाळ्यातल्या दुव्यांपैकी सरासरी ७५ टक्के दुव्यांत कुठला ना कुठला परजीवी गुंतलेला होता. म्हणजे परजीवी वगळून काढलेल्या चित्रात चारांपैकी तीन दुवे काढायचेच राहतात. २००८ साली याच गटातील संशोधकांनी तीन खाड्यांतल्या सजीवांचे एकूण वजन मांडले. तेव्हा परजीवींचे एकत्रित वजन तिथल्या सर्वोच्च भक्षकांच्या वजनापेक्षा जास्त भरले. आपण ज्यांना किरकोळ म्हणून तक्त्यातून वगळतो ते वजनातसुद्धा किरकोळ नाहीत.

अर्थात पाचवीच्या मुलासमोर सगळे अन्नजाळे मांडता येणार नाही, हे मान्य. सोपे करून सांगणे हा शिक्षकाचा धर्मच आहे. पण सोपे करताना काय गाळले हे सांगायला हवे. नकाशात गावे गाळली तरी नकाशा खोटा ठरत नाही. मात्र जी गावे नकाशात नाहीत ती जमिनीवरही नाहीत, असे वाचणाऱ्याला वाटू लागले तर दोष नकाशा शिकवणाऱ्याचा.

सापडला म्हणून चोर?

आता निदानाच्या चुकीकडे वळू. वन्य शिकारी पक्ष्यांत कृमी असणे ही नेहमीची गोष्ट आहे. उंदीर, सरडे, बेडूक, कीटक खाऊन जगणाऱ्या प्राण्याच्या पोटात त्यांच्याबरोबर येणारे प्रवासी असायचेच. थोडे कृमी असलेला पक्षी शिकार करतो, घरटे बांधतो, पिल्ले वाढवतो. ससाण्यांच्या वायुकोशातले सेराटोस्पिक्युलमसुद्धा पुष्कळदा काही लक्षणे न दाखवता असतात. संख्या फार वाढली किंवा पक्षी आधीच अशक्त झाला, तर मात्र धाप लागते आणि उडण्याची ताकद कमी होते.

याशिवाय कृमींची वाटणी सर्व पक्ष्यांत सारखी नसते. एच. डी. क्रॉफ्टन यांनी १९७१ साली ही गोष्ट गणिताने मांडली. बहुतेक यजमानांत कृमी थोडे किंवा मुळीच नसतात आणि मोजक्या काही यजमानांत ते फार असतात. त्यामुळे एखाद्या पक्ष्यात पुष्कळ कृमी सापडले तर दोन शक्यता उभ्या राहतात. कृमींमुळे तो अशक्त झाला असेल, किंवा आधीच अशक्त, उपाशी वा जखमी असल्यामुळे त्याला कृमींचा प्रतिकार जमला नसेल. मेलेल्या पक्ष्याचे पोट नुसते उघडून यातले आधी काय घडले ते कळत नाही.

उसाच्या पट्ट्यात तर तिसरी शक्यताही असते. उंदरांसाठी ब्रोमॅडिओलोनसारखी विषारी आमिषे वापरली जातात. हे विष रक्त गोठण्याची क्रिया बंद पाडते. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस मंदावलेला हिंडत राहतो आणि नेमका असाच उंदीर घुबडाला सहज सापडतो. विष उंदराच्या यकृतात असते, ते घुबडात उतरते. अशा घुबडाचे पोट चिरले तरी कृमी दिसतील. कृमी डोळ्यांना दिसतात, विष दिसत नाही. आणि जे दिसते त्यालाच दोषी ठरवण्याची आपल्याला घाई असते. शेतकऱ्यालाही ते सोयीचे, शिक्षकालाही सोयीचे. 'जंतांनी मेलं' म्हटले की कुणाला काही बदलावे लागत नाही.

कृमी कधीच दोषी नसतात असेही मात्र समजू नये. कबुतरे खाणाऱ्या ससाण्यांच्या घशात पिवळसर, दह्याच्या कवडीसारखा थर साचून त्यांना गिळता येईनासे होते, तो आजार ट्रायकोमोनास या एकपेशीय परजीवीमुळे होतो. तो कबुतरांकडून ससाण्याकडे येतो आणि उपचार न झाल्यास जीव घेतो. बाजदारांना हा आजार शेकडो वर्षांपासून ठाऊक आहे. आपल्याकडेही कुमाऊँच्या रुद्रदेव राजाच्या नावावर असलेल्या 'श्यैनिकशास्त्र' या संस्कृत ग्रंथात ससाण्यांची निगा आणि त्यांच्या आजारांवरचे उपाय आलेले आहेत. हरप्रसाद शास्त्री यांनी तो १९१० साली कलकत्त्याहून संपादित करून प्रसिद्ध केला. बाजदाराला आपला पक्षी रोज हातावर घ्यावा लागे. निरोगी पक्ष्याची चाल, भूक आणि विष्ठा कशी असते हे त्याला माहीत असे, म्हणून आजार त्याच्या लवकर ध्यानात येई. निरोगी पक्ष्याशी तुलना करणे हेच निदानाचे मूळ आहे, आणि माझ्या वर्गात तेच झाले नव्हते.

दोष सिद्ध कसा करतात

उत्तर इंग्लंडमधल्या माळांवर रेड ग्राऊस नावाचा तित्तिराच्या जातकुळीतला पक्षी असतो. त्याची संख्या काही वर्षांच्या अंतराने एकदम कोसळते. त्याच्या आतड्यात एक सूक्ष्म गोलकृमी असतो. कृमी आणि घसरण दोन्ही आहेत, पण एकामुळे दुसरे घडते का? पीटर हडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही ठिकाणचे पक्षी पकडून त्यांना जंताचे औषध पाजले आणि इतर ठिकाणी पाजले नाही. जिथे औषध दिले तिथली घसरण थांबली किंवा बरीच कमी झाली. १९९८ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. इथे कृमी खरोखरच दोषी निघाले. पण तो दोष तुलनेने सिद्ध झाला, नुसते पोट उघडून नव्हे.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे आहे आणि त्याचा निकाल उलटा लागला. १९९० च्या दशकात भारतातली गिधाडे झपाट्याने नाहीशी होऊ लागली. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी ही घट नोंदवून १९९९ साली प्रसिद्ध केली. गिधाडे मान खाली टाकून झाडांवर बसलेली दिसत आणि नंतर मरत. मेलेल्या गिधाडांचे शरीर उघडले की यकृत, हृदय अशा अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा, खडूच्या भुकटीसारखा थर दिसे. मूत्रपिंडे निकामी झाल्याची ती खूण होती. एखादा साथीचा रोग पसरला असावा, बहुधा विषाणूचा, असा शास्त्रज्ञांचाही सुरुवातीला कयास होता. तो कयास वावगा नव्हता. घट अनेक प्रदेशांत पसरत होती आणि साथीसारखीच दिसत होती.

पण ते तिथे थांबले नाहीत. पाकिस्तानात लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विषाणू, जिवाणू, कीटकनाशके, जड धातू अशा एकेका संशयिताची तपासणी करून त्यांना यादीतून काढले. मग त्यांनी वेगळा प्रश्न विचारला. गिधाडे गुरांचे मांस खातात, तर त्या गुरांना आपण काय देतो? उत्तर निघाले डायक्लोफेनॅक, जनावरांच्या दुखण्यावर आणि सुजेवर सर्रास दिले जाणारे वेदनाशामक. पांढरा थर असलेल्या २५ गिधाडांची तपासणी केली, त्या सगळ्या २५ मध्ये हे औषध सापडले. थर नसलेल्या, इतर कारणांनी मेलेल्या १३ गिधाडांत ते एकातही सापडले नाही. नंतर हे औषध दिलेल्या जनावरांचे मांस बंदिस्त गिधाडांना खाऊ घातले, तेव्हा तोच आजार उद्भवला. २००४ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले.

या तपासातले १३ हे आकडे मला २५ पेक्षा मोलाचे वाटतात. आजारी गिधाडांत औषध सापडले एवढ्यावर थांबले असते, तर तेही माझ्या घुबडातल्या कृमींसारखेच झाले असते. आजार नसलेल्या गिधाडांतही ते पाहिले आणि तिथे ते नव्हते, म्हणून पुरावा झाला.

भारत सरकारने २००६ साली जनावरांसाठी डायक्लोफेनॅकच्या वापरावर बंदी आणली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना धोका न करणारे औषध त्याच्या जागी सुचवण्यात आले. २०२३ साली केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक या औषधांवरही जनावरांपुरती बंदी आली. मात्र २००७ सालच्या गणनेनुसार तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातील संख्या १९९० च्या दशकाच्या सुरुवातीच्या संख्येच्या सुमारे हजारावा भाग उरली होती. आमच्याकडची जुनी माणसे ढोरे टाकायच्या जागेवर उतरणाऱ्या गिधाडांच्या गोष्टी सांगतात. आता तिथे कुत्री असतात. अन्नसाखळीतली एक कडी निखळली की काय होते, हे सांगायला आम्हांला गावाबाहेर जावे लागत नाही.

कृमीही वाचवायचे का?

शेवटचा आक्षेप तक्त्यावर नसून आपल्या भाषेवर आहे. 'परजीवी' हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो, आणि धडाही त्याच सुरात शिकवतो. माणसाच्या आणि गुरांच्या जंतांवर औषध घ्यावेच, याबद्दल वाद नाही. पण रानातल्या कृमीला निसर्गातली चूक समजणे बरोबर नाही. कॅलिफोर्निया काँडोर हा गिधाडासारखा प्रचंड पक्षी नामशेष होण्याच्या बेतात आला, तेव्हा १९८७ साली उरलेले सर्व, अवघे २७, पक्षी बंदिस्त ठेवून त्यांची पैदास करण्यात आली. त्या वेळी पक्ष्यांच्या अंगावरच्या उवा औषधाने मारल्या. काँडोर वाचला. पण फक्त त्याच्याच अंगावर राहणारी एक उवेची जात त्यात कायमची नष्ट झाली असे मानले जाते. एका उवेसाठी हळहळायचे का, असे कुणी म्हणेल. त्याचे उत्तर मी मुलांवर सोडतो. पण एक प्राणी वाचवताना दुसरा संपू शकतो आणि त्याची कुणी दखलही घेत नाही, ही गोष्ट विज्ञानाच्या तासाला यायला हवी.

शिवाय कृमी असणे हे अनेकदा चांगले लक्षण असते. ज्या कृमीला गोगलगाय, बेडूक, साप आणि पक्षी असे चार यजमान लागतात, तो जिथे टिकून आहे तिथे हे चारही टिकून आहेत. त्यातला एक गेला की कृमी आधी जातो. कॅलिफोर्नियातल्याच दलदलींत, उजाड झालेली जागा पुन्हा सावरली की नाही हे पाहण्यासाठी गोगलगाईंतल्या चपट्या कृमींचा उपयोग करून पाहिला गेला आहे.

वर्गात काय करता येईल

आमच्या शाळेत मी आता पुढीलप्रमाणे करतो. तक्ता भिंतीवरून काढलेला नाही. त्याच्यावर लाल खडूने तुटक बाण काढतो. पक्ष्याच्या विष्ठेतून कीटकाकडे जाणारा एक, आणि तिथून तक्त्यातल्याच बाणांना समांतर वर जाणारे बाकीचे. तक्त्यातले बाण वर जाऊन संपतात, कृमींचे मात्र वर्तुळ होते, हे मुलांच्या लगेच ध्यानात येते.

मग एक खेळ घेतो. २० मुले नाकतोडे, ५ मुले सरडे, १ मूल शिकारी पक्षी. २० पैकी ५ नाकतोड्यांच्या मुठीत एकेक चिंचोका, बाकीच्यांची मूठ रिकामी. प्रत्येक सरडा ४ नाकतोडे 'खातो' आणि त्यांचे चिंचोके आपल्याकडे घेतो. पक्षी पाचही सरडे खातो. शेवटी सर्वांनी मुठी उघडायच्या. नाकतोड्यांत चारांत एकाकडेच कृमी होता, काही सरड्यांकडे एकही नव्हता, काहींकडे दोन-तीन होते, आणि पक्ष्याकडे सर्वच्या सर्व ५ आले. खेळ पुन्हा घेतला की सरड्यांतली वाटणी दर वेळी वेगळी येते. क्रॉफ्टन यांची असमान वाटणी आणि टोकाच्या प्राण्याकडे होणारा संचय, दोन्ही गोष्टी पंधरा मिनिटांत समजतात. मग विचारायचे, "हा पक्षी मेलेला सापडला, तर तो या पाच चिंचोक्यांनी मेला असं म्हणता येईल का? ते ठरवायला आणखी काय पाहावं लागेल?" जिवंत पक्ष्यांतही चिंचोके आहेत का ते पाहायला हवे, हे उत्तर कोणीतरी देतेच.

एक सूचना मात्र कळकळीची. मेलेला किंवा आजारी पक्षी मुलांना हात लावू देऊ नका, कापू तर मुळीच देऊ नका. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्यांत बर्ड फ्लू आला, ती भारतातली पहिली नोंद होती. हा रोग वन्य पक्ष्यांतही असतो आणि माणसालाही होऊ शकतो. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्यांना संरक्षण दिलेले आहे. जागा, तारीख आणि आजूबाजूला काय दिसले एवढे लिहून ठेवावे आणि वन विभागाला किंवा जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. मृत्यूचे कारण शोधण्याची साधने त्यांच्याकडे आहेत, कंपासपेटीत नाहीत.

त्या आठवीतल्या मुलांपैकी एक मुलगा पुढे दहावीत माझ्याच वर्गात होता. खेळ संपल्यावर त्याने विचारले, "सर, मग आपलं ते घुबड कशानं मेलं होतं?" मी म्हणालो, "ते आपल्याला कळलं नाही, आणि मी त्या दिवशी तसंच सांगायला हवं होतं." त्याने जुनी वही जपून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी ती आणून त्याने त्या ओळीतला 'जंत' हा शब्द माझ्यादेखत खोडला आणि त्या जागी लिहिले, 'तपासले नाही.'